धोरणानुभवी व्यक्ती आणि विद्यापीठीय अध्यापन : अकोले तालुक्याच्या संदर्भात एक विचार

विद्यापीठात कोणी शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे दीर्घकाळ पदवीच्या आधारे दिले गेले आहे. ज्याने एखाद्या विषयाचा विहित अभ्यास पुरा केला, परीक्षा दिली व प्रबंध लिहिला, तो त्या विषयाचा अध्यापक होण्यास पात्र, ही ती व्यवस्था होय. गणित, व्याकरण किंवा तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांत ही कसोटी बहुतांशी पुरेशी ठरते. परंतु राज्यकारभार, सार्वजनिक अर्थव्यवहार, ग्रामीण विकास, जलसिंचन, पुनर्वसन इत्यादी विषयांचे स्वरूप निराळे आहे. या विषयांतील ज्ञानाचा मोठा भाग ग्रंथांत नसून तो कचेरीतील धारिकांत, ग्रामसभेच्या इतिवृत्तांत आणि ते काम वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसांच्या स्मरणात साठलेला असतो. अशा माणसांना विद्यापीठाच्या वर्गात अभ्यागत अध्यापक म्हणून कसे आणावे, कोणाला आणावे आणि त्यांच्याकडून नेमके काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन हवेत राहू नये यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका हे क्षेत्र उदाहरणादाखल घेतले आहे.

१. 'धोरणानुभवी' कोणास म्हणावे?

धोरण हा शब्द उच्चारताच मंत्रालय, नियोजन मंडळ, सचिव, आयोग अशी उच्च स्थाने डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः धोरणाच्या आयुष्यात निदान चार प्रकारच्या व्यक्तींचा हात असतो. पहिली, धोरणाचा मसुदा करणारी. दुसरी, त्या मसुद्यातील शब्दांचा अर्थ लावून निर्णय देणारी. तिसरी, तो निर्णय गावात जाऊन प्रत्यक्षात उतरविणारी. आणि चौथी, ज्यांच्यावर तो निर्णय लागू होतो त्यांच्या वतीने त्याचा पाठपुरावा करणारी अथवा त्यास विरोध करणारी. सचिव पहिल्या प्रकारात, प्रांताधिकारी दुसऱ्या प्रकारात, तलाठी, ग्रामसेवक व वनरक्षक तिसऱ्या प्रकारात, तर सरपंच, पाणीवापर संस्थेचे पदाधिकारी आणि वनहक्क समितीचे सदस्य चौथ्या प्रकारात मोडतात. या चौघांचे अनुभव परस्परांहून भिन्न असतात, आणि त्यांपैकी एकाच्याही अनुभवावाचून धोरणाचे चित्र पुरे होत नाही.

या प्रकारच्या अध्यापकास मराठीत काय म्हणावे, हेही अद्याप ठरलेले नाही. इंग्रजी पदनाम 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' असे जसेच्या तसे वापरले जाते. 'व्यवसाय' हा शब्द योजला तर वैद्यकी, वकिली व उद्योगधंदे यांपुरताच अर्थबोध होतो. 'व्यवहार' हा शब्द अधिक जवळचा आहे. धर्मशास्त्रीय ग्रंथांत 'व्यवहार' म्हणजे वादाचा निर्णय करण्याची न्यायालयीन प्रक्रिया. मराठीत त्याचा अर्थ देवघेव, वागणूक व नित्याचे कामकाज असा विस्तारला. निर्णय आणि नित्याचे कामकाज हे दोन्ही अर्थ धोरणाच्या अनुभवात एकत्र येतात. तथापि 'व्यवहारी' असे विशेषण केल्यास बोलीत त्यास धूर्तपणाची छटा येते. यास्तव या लेखात 'धोरणानुभवी' हा सामासिक शब्द योजला आहे. शब्दाची ही चर्चा निरर्थक नाही. कारण पदास जे नाव मिळते, त्या नावावरून त्या पदासाठी कोणाचा विचार होणार हे पुष्कळदा ठरून जाते.

२. वर्गातून कचेरीकडे : महाराष्ट्रातील एकेरी वाट

महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात अध्यापन व धोरण यांचा संबंध जुना आहे. परंतु त्याची दिशा बहुधा एकच राहिली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन १९०२ मध्ये संपवून पुढील आयुष्य मुख्यतः कायदेमंडळातील व सार्वजनिक कार्यास वाहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९३० मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. वर्गात तयार झालेला विचार घेऊन विद्वान राज्यकारभारात गेले, हे या उदाहरणांत समान आहे.

उलट दिशेची उदाहरणे आहेत, पण ती थोडी व वेगळ्या जातीची आहेत. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व पुढे १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. नरेंद्र जाधव २००६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या दोघांनाही विद्यापीठाने शासक म्हणून बोलाविले. अनुभवी कारभाऱ्यास विद्यापीठाचा कारभार सोपविणे आणि त्याचा अनुभव विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विषय करणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

कारभाऱ्यांनी शिकविण्याची परंपरा आपल्याकडे नाहीच, असे मात्र नाही. ती विद्यापीठाबाहेर वाढली. पुण्यातील यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी अर्थात यशदा, सहकाराच्या क्षेत्रातील वैकुंठ मेहता संस्था, सिंचन क्षेत्रासाठी १९८० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथे स्थापन झालेली जल व भूमि व्यवस्थापन संस्था अर्थात वाल्मी, या संस्थांत अनुभवी अधिकारी व अभियंते यांचे अध्यापन नित्याचे आहे. पण तेथील विद्यार्थी मुख्यत्वे सेवेत दाखल झालेला अधिकारी वा कर्मचारी असतो. परिणामी, धोरण राबविणाऱ्यास त्याचे अंतरंग कळते. ज्याच्यावर ते राबविले जाते त्या समाजातील पदवीच्या विद्यार्थ्यास ते कळत नाही. ही असमानता लक्षात घेतली म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते.

अकोले परिसराशी निगडित असे एक उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदरा येथे १९१० ते १९२६ या काळात धरण बांधले गेले. त्याच्या कालव्यांच्या पाण्यावर खालच्या भागात ऊस उभा राहिला आणि त्या उसाच्या आधारे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. एक अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या संस्थेत जाऊन बसला, आणि सहकाराचा सिद्धान्त त्याने प्रत्यक्ष हिशेबाच्या वह्यांवर तपासून पाहिला. या भेटीत शेतकऱ्यांनी अर्थशास्त्रज्ञास जे शिकविले, ते शिकविण्यासाठी मात्र विद्यापीठाने त्या शेतकऱ्यांना वर्गात बोलाविण्याची सोय कधी केली नाही. वाट होती, ती एकेरी होती.

३. सध्याच्या नियमांची चौकट

ही वाट दुहेरी करण्याचा औपचारिक प्रयत्न अलीकडचा आहे. परदेशांत, विशेषतः अमेरिका व इंग्लंड येथील सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयांत, निवृत्त मंत्री, मुत्सद्दी व प्रशासक यांना मुदतीच्या अध्यापकपदावर घेण्याची प्रथा रूढ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ यात उद्योग, व्यापार, शेती, सामाजिक, सांस्कृतिक इत्यादी क्षेत्रांतील व्यक्तीस विद्यापीठाशी संलग्न प्राध्यापक म्हणून पदनिर्देशित करण्याची कल्पना अंतर्भूत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या तत्त्वांतील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत. उमेदवारास आपल्या क्षेत्रातील किमान १५ वर्षांचा अनुभव असावा, तोही शक्यतो वरिष्ठ स्तरावरचा. त्याचे काम उल्लेखनीय असल्यास औपचारिक शैक्षणिक पात्रता आवश्यक मानलेली नाही. शोधनिबंधांची अटही नाही. अशा अध्यापकांची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, आणि त्यांच्यामुळे मंजूर पदांवर परिणाम होऊ नये. एकूण मुदत ३ वर्षांपर्यंत, अपवादात्मक प्रसंगी आणखी १ वर्ष. अध्यापनाच्या व्यवसायात असलेल्या वा त्यातून निवृत्त झालेल्या व्यक्तींना हे पद खुले नाही. खर्चाच्या दृष्टीने तीन वर्ग केले आहेत : उद्योगांच्या साहाय्याने नेमलेले, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून नेमलेले आणि मानद. ज्या क्षेत्रांतून व्यक्ती निवडाव्यात त्यांत सामाजिक शास्त्रे, नागरी सेवा व लोकप्रशासन यांचा स्पष्ट निर्देश आहे.

याच्या शेजारी दुसरी चौकट ठेवून पाहिली पाहिजे. अतिथी अध्यापकांसंबंधी आयोगाने २०१९ मध्ये जी तत्त्वे ठरविली, त्यांनुसार दर व्याख्यानास १,५०० रुपये व दरमहा जास्तीत जास्त ५०,००० रुपये मानधनाची मर्यादा होती. परंतु त्यासाठी नियमित सहायक प्राध्यापकाचीच शैक्षणिक पात्रता आवश्यक होती. म्हणजे एका दाराशी पदवी विचारली जाते, दुसऱ्या दाराशी 'वरिष्ठ स्तर' विचारला जातो. पंचवीस वर्षे जमिनीच्या नोंदी सांभाळलेला तलाठी किंवा वनहक्काचे शेकडो दावे हाताळलेला तालुक्यातील कार्यकर्ता या दोन्ही दारांच्या मधल्या भिंतीशी उभा राहतो. प्रस्तुत विषयातील खरी अडचण येथे आहे.

तथापि नियमांच्या भाषेत एक फट आहे, आणि ती एका क्रियाविशेषणाने निर्माण केली आहे. वरिष्ठ स्तराचा अनुभव 'शक्यतो' असावा, असे म्हटले आहे. 'अवश्य' असावा, असे म्हटलेले नाही. नियमात 'शक्यतो' हा शब्द असतो तेव्हा निवड समितीस विवेकाधिकार मिळतो. तो वापरावयाचा किंवा नाही, हे समितीला आपण कोणते ज्ञान शोधीत आहोत याची कितपत जाणीव आहे, यावर अवलंबून राहील.

४. अकोले तालुक्यात धोरणाचे ज्ञान कोठे आहे?

अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, याच तालुक्याच्या सीमेवर आहे. पश्चिम भागात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय राजूर येथे आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही येथेच आहे. अकोले गावी अगस्ती कला, वाणिज्य आणि दादासाहेब रूपवते विज्ञान महाविद्यालय आहे. धरण, अभयारण्य, अनुसूचित क्षेत्र, पुनर्वसन आणि सहकार, इतकी धोरणे ज्या एका तालुक्यात एकमेकांवर येऊन पडतात, असे तालुके फार नाहीत. यांपैकी तीन विषयांत धोरणानुभवी अध्यापक काय शिकवू शकेल, हे पाहू.

पहिला विषय पाणीवाटपाचा. ऊर्ध्व प्रवरा प्रकल्पाची कल्पना १९७० च्या सुमारास पुढे आली. पुढे धरण निळवंडे येथे झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. म्हणजे कल्पना व कालवा यांत अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. दरम्यान १९७६ मध्ये महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला आणि नंतर त्यात बदल होत गेले. एकाच प्रकल्पाच्या आयुष्यात कायदेच बदलतात, तेव्हा कोणत्या कुटुंबास कोणता कायदा लागू, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. ज्या अधिकाऱ्याने संपादनाची धारिका हाताळली किंवा ज्या गावकऱ्याने पर्यायी जमिनीसाठी खेटे घातले, त्याच्याकडूनच ते समजते.

याच विषयाची दुसरी बाजू 'समन्यायी पाणीवाटप' या शब्दाशी निगडित आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला. खोऱ्यातील टंचाईचा भार वरच्या व खालच्या धरणांनी मिळून सोसावा, हे त्यातील तत्त्व. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने व मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयाने ते गोदावरी खोऱ्यात दृढ झाले. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणसमूहांतून, अर्थात भंडारदरा-निळवंडे समूहातूनही, पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. 'समान' आणि 'समन्यायी' या दोन शब्दांतील अंतर कोशात एका ओळीचे आहे. नदीत ते कित्येक दलघफूचे असते. समान वाटपात सर्वांना सारखे मिळते. समन्यायी वाटपात गरज, तूट व आधीचा वापर यांचा हिशेब येतो. तो हिशेब कसा मांडतात, वहनातील तूट कोणाच्या खाती पडते, नदीकाठच्या उपसा पंपांचे काय करतात, हे सिंचन खात्यातील उपअभियंता एका दुपारी फळ्यावर दाखवू शकतो.

दुसरा विषय वनहक्कांचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस त्या जमिनीवर, ४ हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मागता येतो. इतर पारंपरिक वननिवासींच्या बाबतीत तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, निवास दाखवावा लागतो. दावा प्रथम ग्रामसभेकडे, तेथून उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुराव्यांच्या यादीत एक नोंद भाषेच्या अभ्यासकाने विशेष पाहावी अशी आहे : दावेदाराव्यतिरिक्त गावातील ज्येष्ठांचे निवेदन लिहून घेतले असता ते पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते.

ही तरतूद कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात वृद्ध माणूस काळ सांगतो तो तारखेने नव्हे. मोठ्या दुष्काळाच्या आधी, धरणाच्या कामाच्या वेळी, अमुक पाटील गादीवर असताना, अशा खुणांनी तो बोलतो. जमीन सांगतो ती गट क्रमांकाने नव्हे, तर ओहोळ, बांध, झाड यांच्या नावाने. त्या बोलण्याचे लेखी निवेदन करताना लिहिणाऱ्याने काळाची खूण सालाशी आणि जागेची खूण नकाशाशी जोडली नाही, तर दावा डळमळतो. आणि अतिउत्साहाने वृद्धाच्या तोंडी नसलेली तारीख घातली, तर निवेदनाचा खरेपणाच जातो. बोलीतून लेखी प्रमाणभाषेत होणारे हे रूपांतर एका कुटुंबाची जमीन ठेवते किंवा घालविते. ज्यांनी अशी निवेदने लिहून घेतली व तपासली आहेत, त्यांचे ज्ञान भाषाविज्ञान, विधी आणि मानवशास्त्र या तिन्ही विभागांना हवे आहे. आणि त्यांतील बहुतेक जण 'वरिष्ठ स्तरावर' कधीच नव्हते.

तिसरा विषय पिकांच्या पैसेवारीचा. रुपयात सोळा आणे होते तेव्हा पिकाची प्रत आण्यांत सांगत, म्हणून 'आणेवारी'. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर तिची 'पैसेवारी' झाली, तरी जुना शब्द बोलण्यातून गेला नाही. पैसेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर दीर्घकाळ सवलतींचा निर्णय होत असे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, पिकांची स्थिती, जमिनीतील ओल इत्यादी निर्देशांकांवर भर दिला आणि पैसेवारीचे पूर्वीचे निर्णायक स्थान राहिले नाही. एका मोजमापावरून दुसऱ्या मोजमापाकडे जाताना कोणते गाव आत आले व कोणते बाहेर गेले, पश्चिमेच्या भातखाचरांत आणि पूर्वेच्या जिरायतीत एकच मोजमाप कसे लागू पडते, हे सांगण्यास ती शिवारे पायांखाली घातलेला माणूस लागतो.

याशिवाय औपचारिक शिक्षणावाचून मिळविलेल्या ज्ञानाचे सर्वमान्य उदाहरण याच तालुक्यात आहे. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाता आले नाही. त्यांनी भात, वाल व अन्य पिकांची देशी वाणे जतन केली, बियाण्यांची बँक उभारली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांनाही पद्मश्री जाहीर झाली; त्यांच्या गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची पद्धत रूढ केली. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा; तो शिकविताना वाण जपणाऱ्या बाईचे हात व शब्द वर्गात असावेत, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मात्र राष्ट्राने गौरविल्यावर आमंत्रण देणे सोपे असते. गौरव होण्यापूर्वी अशी व्यक्ती ओळखणे, ही विद्यापीठाच्या शोधक दृष्टीची खरी परीक्षा होय.

५. आक्षेप व धोके

या योजनेविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप नियमित पदांविषयीचा. अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकविणारे पात्रताधारक तरुण अनिश्चिततेत दिवस काढीत आहेत. अशा स्थितीत अभ्यागतांना आणणे म्हणजे त्यांच्या भाकरीत वाटेकरी निर्माण करणे, अशी भावना होणे स्वाभाविक आहे. तिचे निराकरण शब्दांनी होणार नाही. अभ्यागताकडे कोणत्याही नियमित विषयाचा पूर्ण कार्यभार देऊ नये आणि त्याची तासिका नियमित वा तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या कार्यभारातून कापू नये, हा दंडक आधी लेखी स्वरूपात घालून मगच नेमणूक करावी.

दुसरा धोका निवृत्तांच्या सोयीचा. मानद वर्गात खर्च नाही, म्हणून संस्थांचा कल तिकडे होतो. पण मानधनावाचून येणे ज्यास परवडते तो बहुधा चांगले निवृत्तिवेतन असलेला उच्चाधिकारी असतो. वनहक्क शिकविण्यासाठी कोणताही उद्योग पैसा देणार नाही. म्हणून ग्रामीण महाविद्यालयाने स्वतःच्या निधीतून, थोड्या तासांचे का होईना, पण मानधन व प्रवासखर्च दिलाच पाहिजे. फुकट आलेल्या ज्ञानाची निवड कधी करता येत नाही. जो येतो त्याचे ऐकावे लागते.

तिसरा धोका आत्मसमर्थनाचा. ज्याने धोरण राबविले तो त्याचे दोष सांगेलच असे नाही. ज्याने विरोध केला तो गुण सांगेलच असे नाही. शिवाय सेवेतील अधिकाऱ्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांचे बंधन असते. त्यास परवानगी घ्यावी लागते, आणि प्रलंबित प्रकरणांविषयी बोलणे त्याने टाळलेच पाहिजे. अनुभव हे ज्ञानाचे साधन आहे, ज्ञानाचे प्रमाणपत्र नव्हे. एका व्यक्तीचा अनुभव कितीही सखोल असला तरी तो एका खुर्चीवरून दिसलेला असतो.

६. नेमणुकीची पद्धत

उपरोक्त विवेचनावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. प्रथम प्रश्न ठरवावा, मग व्यक्ती शोधावी. 'प्रशासनाचा अनुभव सांगण्यासाठी कोणी मान्यवर' असा शोध घेतला तर भाषण मिळते, अध्यापन मिळत नाही. 'वनहक्काचा दावा कोठे व का अडतो' असा प्रश्न ठरविला तर योग्य माणूस आपोआप समोर येतो. तो राजूरच्या कार्यालयातून निवृत्त झालेला असेल, किंवा एखाद्या ग्रामसभेचा अध्यक्ष असेल.

दुसरे, निवडीची कसोटी हुद्दा नसून निर्णय ही असावी. उमेदवारास पूर्वपरिचयाची यादी मागण्याऐवजी त्याने हाताळलेला, आता निकाली निघालेला एक प्रसंग समितीपुढे अर्ध्या तासात उलगडण्यास सांगावे : प्रश्न काय होता, पर्याय कोणते होते, कोणता निवडला, का निवडला, आणि पुढे काय चुकले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जो मोकळेपणी देऊ शकतो, त्याच्यापाशी शिकविण्याजोगे काही आहे असे समजावे.

तिसरे, एकाच विषयावर दोन बाजूंच्या व्यक्तींना एकापाठोपाठ आणावे. निळवंड्याच्या पाण्याविषयी सिंचन अभियंता बोलला तर पुढच्या आठवड्यात पुनर्वसित गावचा कारभारी बोलावा. आत्मसमर्थनाच्या धोक्यावर याहून सोपा उपाय नाही.

चौथे, प्रत्येक अभ्यागताबरोबर विभागातील एक नियमित अध्यापक जोडलेला असावा. अनुभवी माणसास पुष्कळ माहीत असते, पण आपल्याला माहीत आहे हेच त्यास पुष्कळदा माहीत नसते. जे त्याला उघड वाटते तेच विद्यार्थ्यास अनाकलनीय असते. योग्य ठिकाणी थांबवून 'हे कसे ठरविलेत?' असे विचारणे हे सोबतच्या अध्यापकाचे काम. परीक्षा व मूल्यमापनाची जबाबदारीही त्याचीच राहावी.

पाचवे, वेळापत्रक माणसानुसार आखावे. अकोल्यासारख्या ठिकाणी पुण्याहून वा नाशिकहून येणाऱ्यास दर आठवड्यास एक तास देणे अशक्य असते. सलग तीन दिवसांचा पाठ, त्यातील एक दिवस प्रत्यक्ष क्षेत्रात, अशी रचना शक्य आहे. स्थानिक अभ्यागताच्या बाबतीत भाताची लावणी व काढणी यांचे दिवस वगळावे लागतील. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, कार्यानुभव व समाजसहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक दिलेले असल्याने अशा पाठांस जागा शोधण्यासाठी वेगळी विषयपत्रिका निर्माण करण्याचे कारण उरत नाही.

सहावे, अध्यापनाची भाषा मराठी असावी आणि अभ्यागतास त्याच्या बोलीत बोलण्याची मुभा असावी. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याच्या भाषा संचालनालयाने पदनामांचे व शासनव्यवहाराचे कोश सिद्ध केले. तरीही फेरफार, पोटखराबा, वहिवाट, भोगवटादार, कजाप या शब्दांचा जिवंत अर्थ कोशातून पूर्णतः मिळत नाही. तो ते शब्द रोज लिहिणाऱ्याकडून मिळतो. प्रत्येक पाठानंतर विद्यार्थ्यांनी त्यात आलेल्या संज्ञांची, त्यांच्या वापराच्या उदाहरणांसह, वही तयार करावी. तीन-चार वर्षांत तालुक्याच्या कारभाराचा एक विश्वसनीय शब्दसंग्रह महाविद्यालयापाशी जमा होईल आणि अभ्यागताची मुदत संपली तरी त्याचे ज्ञान मागे राहील.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा इतिहास येथे स्मरणीय आहे. वि. स. पागे यांच्या विचारातून व १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून ती आकारास आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्यास तिचा आधार मिळाला. अर्थशास्त्रज्ञांनी तिच्यावर विपुल लिहिले. परंतु खडीच्या ढिगाशी बसून हजेरीपट भरणारा मुकादम, कामाचे मोजमाप घेणारा कनिष्ठ अभियंता आणि कामाची मागणी नोंदविणारी मजूर स्त्री यांनी त्या योजनेबद्दल काय जाणले होते, ते आता त्यांच्याबरोबर हळूहळू नाहीसे होत आहे. वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीत पहिल्या वर्षांपासून राबलेली पिढीही आज निवृत्तीच्या वयात पोचली आहे. तिचे ज्ञान विद्यापीठाच्या स्वाधीन करून घेण्याचा अवधी अमर्याद नाही. पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी एखाद्या विभागाने एक प्रश्न निवडून, दोन व्यक्ती बोलावून, तीन दिवसांचा एक पाठ जरी घेतला, तरी या विषयातील पुढील चर्चा अनुमानाऐवजी अनुभवाच्या आधारे करता येईल.